राजाचा शब्द

लाखनीच्या त्या कॉलेजात दुपारचा तास म्हणजे महामार्गावरच्या ट्रकांशी भांडण. ट्रक आला की थांबायचं, गेला की वाक्य पुरं करायचं. सत्यवतीला त्याची सवय झाली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ती इंग्लंडचा इतिहास शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. दरवर्षी नवी नेमणूक, दरवर्षी नवी धाकधूक. धानाची कापणी सुरू होती, म्हणून निम्मी बाकं रिकामी होती. फळ्यावर धड्याचं नाव होतं : पहिला चार्ल्स, परराष्ट्र धोरण आणि अंतर्गत कारभार.

"स्पेनवर आरमार पाठवलं, फजिती झाली. फ्रान्सशी वाकडं घेतलं, तिथंही हात पोळले. पैसा मागायला पार्लमेंट बोलवावं, तर पार्लमेंट कारभाराचा जाब विचारणार. मग राजानं पार्लमेंटच बोलावणं सोडलं आणि अकरा वर्षं आपल्या मर्जीनं राज्य हाकलं. त्या काळातला त्याचा भरवशाचा माणूस म्हणजे स्ट्रॅफर्ड. पुढं पार्लमेंट बोलवायची पाळी आली, तेव्हा त्यांनी आधी याचंच डोकं मागितलं. राजानं स्ट्रॅफर्डला शब्द दिला होता, तुझ्या जिवाला, अब्रूला धक्का लागू देणार नाही."

घंटा झाली. "पुढचं परवा," ती म्हणाली. उद्या तिला मोहाडीला जायचं होतं, वडिलांच्या शेतीच्या फेरफारासाठी तहसीलमध्ये.

हा धडा तिच्या जिव्हाळ्याचा. तो तिला यादोराव सरांनी शिकवला होता, याच खोलीत. स्ट्रॅफर्डच्या मृत्युदंडावर राजाची सही होते तिथे सर थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "राजा खरा मेला तो इथंच." सर आता निवृत्त होऊन शहापूरला राहत होते आणि संस्थेचे अध्यक्ष होते. परीक्षेतली कॉपी बंद करायचं त्यांनीच मनावर घेतलं आणि सत्यवतीला पुढं केलं. तिनं संस्थेच्या एका सभासदाच्या पुतण्यालाच पकडलं. तेव्हापासून सभासद तिच्या जिवावर उठले होते, तिला काढा नाहीतर संस्था फोडू म्हणत होते. तिला काढायचं तर अध्यक्षांची सही लागणार होती. सरांनी आपल्या अंगणात उभं राहून तिला सांगितलं होतं, "माझी सही होनार नाई. तू निजून राहा खुशाल."

ती त्या शब्दावर निजत होती.

मोहाडीहून परतल्यावर ती वर्गात गेली आणि धडा पुढे सुरू केला. पहिल्या बाकावरची अंजू चुळबुळली.

"मॅडम, हे तं झालं नं."

"कधी?"

"काल. तुमीच तं शिकवलं."

सत्यवती हसली. पोरी वेळ काढायला काहीही सांगतात. "काल मी मोहाडीला होते. बरं, सांग, काय शिकवलं?"

अंजूनं सांगितलं. स्ट्रॅफर्डला वधस्तंभाकडे नेताना वाटेत कैदेतला म्हातारा आर्चबिशप खिडकीशी आला, आशीर्वादाला हात वर केला आणि तिथेच बेशुद्ध पडला. शेजारची रीता मान डोलवत होती.

हे खरं होतं. पण त्यांच्या पुस्तकात नव्हतं. सत्यवतीनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण त्या खिडकीपाशी आली की ती पुस्तक मिटून टाकायची.

"आनखी सांगितलं तुमी," रीता म्हणाली, "का स्ट्रॅफर्डनंच राजाले कळवलं, मले दिलेल्या शब्दातून तुमाले मोकळं केलं. सही करून टाका."

"मी कोणती साडी नेसले होते?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "हेच, मॅडम. आज घातली तेच."

ही साडी काल तिनं नेसली नव्हती. वडिलांच्या घरी दोरीवर वाळत घातलेली आज सकाळी काढून आणली होती. तिनं तास कसाबसा संपवला. बाहेर व्हरांड्यात शिपाई तुलाराम उभा होता. तो तिच्याकडे पाहून बाजूला झाला, मग फाटकाकडे पाहू लागला.

"काय झालं, तुलाराम?"

"काई नाई, मॅडम. आत्ता तं तुमी फाटकातून बाहेर गेल्या. वापस कोनीकडून आल्या?"

त्याच वेळी ऑफिसातून बोलावणं आलं. क्लार्क मान वर न करता म्हणाला की उद्यापासून तिचे तास नाहीत. अध्यक्षांची सही सकाळीच झाली.

लाखनी ते शहापूर, एसटीच्या खिडकीतून धानाची कापलेली शेतं मागे जात राहिली. वैनगंगेच्या पुलावर वारा आत आला तरी तिला घाम फुटला होता. कुणीतरी जोर केला असेल, धमकावलं असेल. सर सांगतील. सर काहीतरी सांगतील.

सर ओसरीवर बसले होते. तिला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. नवल होतं.

"काही विसरली का, बेटा?"

"सर, तुम्ही सही केली?"

"केली. तू म्हनली म्हनून."

"मी?"

"सकाळी आली नं तू. इथंच बसली. म्हनली, माझ्यापायी तुम्ही अडून नका राहू, सर. संस्था मोडंल. मी तुमाले शब्दातून मोकळं केलं." सरांचा आवाज जड झाला. "मी तीनदा विचारलं तुले."

सरांच्या पत्नी ललिताबाई दारात आल्या. "हाव नं, बाई. पोहे खाल्ले तू. माझ्या हातात हात घेऊन बसली होती."

"काकू, मी सकाळी मोहाडीला होते. तिथून सरळ कॉलेजात गेले."

ललिताबाईंनी सरांकडे पाहिलं.

सत्यवतीला वाटलं, ही दोघं खोटं बोलत आहेत. मग वाटलं, तसं असतं तर किती बरं झालं असतं.

"समजा, मीच आले," ती म्हणाली. "समजा, मीच म्हटलं. तरी सही काहून केली, सर? स्ट्रॅफर्डनंही राजाले मोकळं केलं होतं. तुम्हीच शिकवलं नं आम्हाले, तरी राजानं सही करायची नव्हती म्हणून?"

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून ठेवला.

"आता मी समोर उभी आहो. मी सांगून राहिली, मी मोकळं नाही केलं तुम्हाले. लावा फोन. परत घ्या सही."

सर तिच्याकडे पाहत राहिले. एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसे.

"सकाळची ती," ते हळूच म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्त तुझ्यासारखी होती."

सत्यवती उठली.

त्यांनी तिला थांबवलं नाही. ललिताबाई आधीच आत गेल्या होत्या.

पायरीशी तिनं चपलेसाठी पाय पुढे केला आणि तो तसाच राहिला. खाली तिच्या चपलांचे दोन जोड होते. दोन्हींच्या डाव्या पट्ट्याला मोच्यानं घातलेले लाल दोऱ्याचे टाके. दोन्हींवर वाटेतली ताजी धूळ.

आत स्वयंपाकघरात कप वाजला.

"सत्यवती, आनखी चहा टाकू का, बाई?" ललिताबाई विचारत होत्या. आवाज अंगणाकडे येत नव्हता, घरात जात होता.

"अर्धाच टाका, काकू," आतून कुणीतरी म्हणालं.