वर्गातला ढ आचारी

हर्षित भोईर समाजमंदिरात गेला होता तो टोप आणायला. आदल्या दिवशी तिथं एका साखरपुड्याचं जेवण झालं होतं आणि आवराआवरीत सगळ्यांत मोठा टोप मागच्या खोलीत राहिला होता. मार्चमधल्या दुपारी डोंबिवलीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा हॉल रिकामाच असणार असं समजून त्यानं दार ढकललं. तर आत दहा-बारा पोरंपोरी लांब टेबलाभोवती उभी, कढईत मोहरी तडतडतेय, आणि मेथीच्या जुड्यांच्या ढिगामागून कुणीतरी त्याच्याकडे बघत म्हणतंय –

“उशीर झाला. ये, हात धू आधी.”

पिवळा कुर्ता, केस घाईनं वर बांधलेले, आणि त्या केसांत कशी कोण जाणे अडकलेली मेथीची एक काडी.

“मी... ते... टो –”

“नवीन आहेस ना? असू दे. कांदा चिरता येतो?”

आता या प्रश्नाचं खरं उत्तर काय होतं, ते ऐका. हर्षितचे वडील गणू भोईर म्हणजे आजूबाजूच्या आगरी गावांत लग्नातल्या हळदीच्या जेवणाचे नावाजलेले आचारी. आणि हळद म्हटली की सगळा गाव जेवायला! हर्षितला मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पोत्यानं कांदा चिरत आला होता. नुसतं “येतो” म्हणायचं, टोप उचलायचा, निघायचं. एवढं सोपं होतं. पण ती काडी, आणि तिच्याखालचे ते उत्सुक डोळे...

“नाही,” हर्षित म्हणाला. “अजिबात नाही येत.”

“बरं. चहा तरी?”

“चहापण नाही.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! टोप त्या दिवशी तिथंच राहिला, आणि गणूशेटच्या शिव्या खाताना आपला मुलगा का हसतोय, हे त्या माउलीला – म्हणजे हर्षितच्या आईला, जयाला – शेवटपर्यंत कळलं नाही.

पिवळ्या कुर्त्यातली ती स्वप्ना गायकवाड. कल्याणची. गृहविज्ञान शिकून वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेत लागलेली. संस्थेचा ‘आपलं ताट’ नावाचा उपक्रम होता. कॉलेजात किंवा नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी चायनीज भेळेवर आणि पाकिटातल्या नूडल्सवर दिवस काढू नयेत, स्वतःपुरतं साधं, पौष्टिक रांधायला शिकावं, यासाठी शनिवार-रविवारचा हा वर्ग. कडधान्याला मोड कसे आणायचे, फोडणीला तेल किती पुरतं, ताटात भाजी किती आणि भात किती, पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं... सगळी पोरं तिला स्वप्नाताई म्हणायची. हर्षित सोडून.

“मॅडम काय रे? ताई म्हण ना, सगळे म्हणतात.”

“नको. मॅडममध्ये रिस्पेक्ट वाटतो.”

रिस्पेक्ट कसला डोंबलाचा! राखीपौर्णिमेचा धोका पत्करायची त्याची तयारी नव्हती, इतकंच.

सोंग घेणं मात्र महाकठीण. ज्याला येत नाही त्याला चुका सहज जमतात. ज्याला येतं त्यानं चुका करायच्या म्हणजे घामच फुटतो. हर्षितनं सुरी उलटी धरली. वरणात हळद विसरला. जिरं काळं कुळकुळीत केलं, तेव्हा तर त्याचा जीव तिळतिळ तुटला. एकदा तंद्रीत त्याच्या हातून कांदा असा बारीक उतरला की शेजारची करिश्मा खोकली. मग त्यानं घाईनं वर दोन ओबडधोबड फोडी टाकून दिल्या.

करिश्मा पाटील बाजूच्याच गावची. गणूशेटच्या हातचं जेवून मोठी झालेली. तिनं पहिल्याच दिवशी त्याला ओळखलं होतं आणि ती गप्प राहिली होती. फुकट नाही हां.

“माझी भांडी घास,” ती कुजबुजायची, “नायतर ताईला सांगते तू कोन हाय ते.”

हर्षित मुकाट्यानं घासायचा. स्वप्ना लांबून बघायची आणि म्हणायची, “किती मदत करतो हा सगळ्यांना!”

पण एक गोष्ट त्या सोंगातही खरी होत गेली. स्वप्नानं सगळ्यांना घरच्या कुणासाठी तरी जेवण करायला सांगितलं होतं. हर्षित घरी आला. गावजेवण रांधणाऱ्या त्या हातांना दोघा-तिघांपुरती आमटी करायचं माप काही केल्या सापडेना. तेल ओतायला गेला तर घरातली पळी त्याला खेळण्यातली वाटली. शेवटी मुगाची आमटी, चवळीची पालेभाजी आणि एक भाकरी, असं ताट त्यानं वडिलांसमोर ठेवलं. गणूशेटना साखरेचा आजार. डॉक्टर सांगून थकले होते.

“बाला, मना ये गवत कशाला रं?”

“खा तर आधी, बाबा.”

गणूशेट कुरकुरत जेवले. आठवड्याभरानं मात्र वर्गाच्या दिवशी संध्याकाळी तेच विचारू लागले, “आज काय शिकवला तुज्या बाईनी?” माझ्या बाईंनी! हर्षितला आमटीपेक्षा तो शब्दच जास्त गोड लागला.

वर्ग संपला की स्वप्ना आणि तो रिक्षा स्टँडपर्यंत चालत जायचे. वाटेत गुलमोहर होता, उसाचा रस होता. तिच्या बोटांना लसणाचा वास असायचा आणि हर्षितला तो अत्तरासारखा वाटायचा. प्रेमात माणसाचं नाक बिघडतं, दुसरं काय!

“तू ना, माझा सगळ्यात ढ विद्यार्थी आहेस,” एकदा ती हसत म्हणाली. “आणि सगळ्यात लाडका.”

“लाडका... म्हणजे?”

“म्हणजे – तुझ्यावर माझा वर्ग उभा आहे.” ती एकदम गंभीर झाली. “या रविवारी आमच्या नीला मॅडम येणारेत. हा वर्ग पुढे चालवायचा की बंद करायचा, ते त्या ठरवणार. ऑफिसात सगळे म्हणतात, इकडची पोरं बदलणार नाहीत. मी तुझी फिल्म केलीय. पहिल्या दिवशीचा तू, उलटी सुरी धरलेला... आणि आताचा तू. ती दाखवली की कुणाची काय टाप आहे बोलायची!”

हर्षितनं उसाच्या रसाचा ग्लास बाजूला ठेवला.

“मॅडम, मला एक सांगायचंय –”

“सांग ना.”

तिनं मान वर करून बघितलं. उन्हानं गाल लाल झाले होते. आता बोललो तर हे डोळे असे कधीच बघणार नाहीत, असं त्याला वाटलं आणि त्याचा धीर सुटला.

“रस... आलं जास्त घातलंय.”

भित्रा! पण त्याच्याकडून भांडी घासून घेण्यातली मजा संपलेल्या करिश्मानं मनाशी काही ठरवलं होतं. शुक्रवारी तिच्या बहिणीची हळद होती. जेवण अर्थातच भोईरांचं. आणि आमंत्रण अर्थातच स्वप्नाताईला.

शुक्रवारी सूर्य कलताना मांडवात ढोल वाजत होते, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. मांडवामागं चुलवणं पेटली होती. लुंगी गुडघ्यावर खोचलेला, डोक्याला पंचा बांधलेला हर्षित भल्या मोठ्या टोपात पळा फिरवत ओरडत होता, “जाळ काढ खालचा! अरं भाताला दम दे, दम!” त्यानं तळहातावर रस्सा घेतला, चाखला, डोळे मिटले.

“मीठ बरोबर आहे?” मागून आवाज आला.

त्यानं डोळे उघडले. स्वप्ना. निळी साडी, आणि चेहऱ्यावर... राग असता तर बरं झालं असतं. नुसतं दुखावलेपण होतं.

“स्वप्ना, मी सांगणारच होतो –”

“चहापण येत नाही तुला.” तिनं टोपाकडे बोट केलं. “मी सगळ्यांना तुझं उदाहरण देत होते रे. आईला सांगत होते. ऑफिसात भांडत होते. आणि तू... रोज मजा बघत होतास माझी?”

“मजा नाही. शपथ.”

“रविवारी येऊ नकोस.”

ती न जेवता निघून गेली. करिश्माचं तोंड उतरलं. “मला वाटलं, ती हसेल,” ती म्हणाली. “तू तर मरेपर्यंत बोलला नसतास, म्हणून बोलावली तिला.” हर्षितनं तिला दोष दिला नाही. हात दाखवून अवलक्षण त्याचं त्यानंच करून घेतलं होतं.

रविवारी तो गेला. येऊ नकोस म्हटल्यावर जाणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या खोट्यापायी तिचा वर्ग बुडाला असता, तर त्याला अन्न गोड लागलं नसतं. तो दाराशी पोचला तेव्हा मुलांनी रांधलेलं जेवण मांडलं होतं, त्यांचे आईबाप बसले होते, आणि चष्म्याच्या, शांत चेहऱ्याच्या नीला मॅडम विचारत होत्या, “ती फिल्म दाखवणार होतीस ना, स्वप्ना?”

“काढून टाकली.” स्वप्ना ताठ उभी होती, पण ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं. “तो मुलगा इथं शिकला नाही. त्याला आधीच येत होतं. मी नीट चौकशी केली नाही. चूक माझी आहे.”

हर्षितला ते ऐकवेना. “चूक माझी आहे,” तो दारातूनच म्हणाला. सगळ्या माना वळल्या. “मी खोटं बोललो. आमचा धंदाच जेवणाचा आहे.”

“मग तू इथं काय शिकलास?” नीला मॅडमनी विचारलं.

हर्षित दोन पावलं आत आला. “जेवायला... शिकलो. आम्ही आचारी लोक गावाला वाढतो आणि शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं खातो. अवेळी. तर्री आणि गार भात. लहानपणापासून मी कधी पहिल्या पंगतीला बसलेलो नाही. बाबांना त्यानंच साखर झाली आणि आम्हाला ते कळतसुद्धा नव्हतं. मॅडमनी शिकवलं तसं आता घरी ताट वाढतो. बाबा मागून घेतात. डॉक्टरपण खूश आहेत. करिश्माच्या घरच्या हळदीत तेल कमी घातलं, काकडीची कोशिंबीर वाढली. लोकांनी परत परत मागितली.”

“हो, खरंय,” करिश्माची आई मधेच म्हणाली. “माजी सासू तर चार वेला उठली, पानी पियाला नाय, कोशिंबिरीला!”

हॉलमध्ये हशा पिकला. नीला मॅडमही हसल्या. मग त्या एकेका आईबापाशी जाऊन बोलल्या, घरी काय बदललं ते विचारत राहिल्या. शेवटी स्वप्नाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “वर्ग चालू ठेव. फिल्मपेक्षा हे ऐकायला मला जास्त आवडलं.”

स्वप्नानं डोळे पुसले आणि तडक हर्षितसमोर येऊन उभी राहिली.

“अजून काय काय लपवलंयस? आत्ताच्या आत्ता सांग.”

“एकच गोष्ट राहिलीय.”

“बोल.”

“तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. येतं म्हटलं असतं, तर तू मला परत पाठवलं असतंस... म्हणून नाही म्हटलं.”

“हे तू लपवलेलंस?” स्वप्ना बघतच राहिली. “अरे, हळदीत करिश्माची आजी मला विचारत होती, ‘आचाऱ्याच्या पोराची ती तूच का गो?’ मला कळेना, कुठला आचारी!”

“मग... काय सांगितलंस?”

“तेव्हा नाही म्हटलं.” ती लाजली, पण नजर खाली घेतली नाही. “आता विचारलं तर हो म्हणेन. मलाही तू आवडतोस, ढ कुठचा. पण पुन्हा खोटं बोललास तर बघ.”

“नाही बोलणार.”

पानं वाढायला सुरुवात झाली होती. सवयीनं हर्षितनं बाह्या सरसावल्या आणि आमटीच्या पातेल्याकडे हात नेला. स्वप्नानं तो हात धरला, वाढप्याचा डाव काढून करिश्माकडे दिला आणि त्याला पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. शेजारी स्वतः बसली. करिश्मा वाढत आली. हर्षितनं ताटावर आडवा हात धरला, “आधी बाकीच्यांना वाढ –”

“हात काढ,” स्वप्ना हळूच म्हणाली. “जेव आता.”