सहा रिकाम्या बाटल्या

“माझ्या बाटल्या कुठायत?”

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि त्या सकाळी ते का म्हणतात हे नव्यांनाही कळलं. कोमट पाण्याच्या टाकीत चोवीस बाटल्या असायला हव्या होत्या. होत्या अठरा. उरलेल्या सहा सिंकजवळच्या जाळीवर उलट्या, चकचकीत, निथळत बसल्या होत्या.

“मी धुतल्या,” कोपऱ्यातून आवाज आला. यंत्रं दुरुस्त करायला आठवड्यापूर्वीच लागलेला तो उंच माणूस, हातात फडकं घेऊन उभा. “रिकाम्या होत्या. नुसतं पाणी होतं...”

“नुसतं पाणी?” तिचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. “अहो, आत काही दिसू नये म्हणून तर अकरा आठवडे जिवाचं रान केलं मी!”

प्रत्येक बाटलीत औषध भरलेली एक चकती होती. हाड मोडून आत पू झाला, की ती जखमेत ठेवायची. ती हळूहळू औषध सोडणार आणि शेवटी आपली आपण विरून जाणार. तिच्या दादाच्या मांडीत ठेवलेले औषधाचे मणी विरणारे नव्हते. ते ठेवायला एकदा फाडलं, काढायला पुन्हा फाडलं, आणि दुसऱ्या खेपेला दादा आईचा हात धरून ढसाढसा रडला. तो संताप तिच्या मनातून कधी गेलाच नाही. आता सहा चकत्या अगदी हव्या तशा विरल्या होत्या, किती औषध बाहेर आलं ते त्या ‘नुसत्या पाण्यात’ होतं, आणि तीस तारखेला आकडे नाहीत तर काम बंद होणार होतं!

वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या मॅडमनी, भरल्या बैठकीत तिलाच झापलं. “निष्काळजीपणा आहे हा!”

ती तोंड उघडणार, तोच तो उंच माणूस उभा राहिला. “त्यांची चूक नाही, मॅडम. न विचारता मी धुतल्या. शिक्षा मला करा, पण यांचं काम बंद करू नका.”

मॅडमनी तिला आणखी बारा आठवडे दिले. मग त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. दर रविवारी बाटल्यांतलं पाणी तपासायला तो मदतीला येणार, एवढंच तिच्या कानावर आलं.

पहिल्या रविवारी दहाला दहा कमी असतानाच तो हजर.

“बाटलीला हात लावू?”

“लावा. धुऊ नका.”

तो हसला. हसला की त्याचे डोळे बारीक होत, आणि त्याचाही तिला रागच आला.

रविवार जात राहिले. सहाव्या रविवारी त्यानं टाकीची खडखड बंद केली, ती म्हणाली, “मला सवय झाली होती.” आठव्या रविवारी ती तापानं फणफणली होती, तर त्यानं फोनवर एकेक आकडा दोनदोनदा वाचून दाखवला. दहाव्या रविवारी बाटली देता-घेता हातमोज्यांतली बोटं बोटांवर राहिली... जरा जास्तच वेळ. दोघांनीही बाटलीकडेच पाहिलं.

हल्ली ती शनिवारीच कपड्यांना इस्त्री करून ठेवायची आणि स्वतःवर चिडायची. शिक्षा भोगायला येणाऱ्या माणसासाठी कोण इस्त्री करतं? बारावा रविवार झाला की सुटेल बिचारा!

बाराव्या आठवड्यानंतर आकडे चोख निघाले. मॅडमनी सही केली. आता चकती इस्पितळाच्या चाचणीला जाणार होती.

“चला, तोही सुटला एकदाचा,” ती शक्य तितकं सहज म्हणाली.

“कोण? त्याला चारच रविवार सांगितले होते मी,” मॅडम म्हणाल्या.

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. त्याचे पाय एका यंत्राखालून बाहेर आलेले दिसत होते.

“बाहेर या आधी! आठ रविवार फसवलंत मला! मी टोमणे मारतेय, कैद्यासारखं राबवतेय, आणि तुम्ही... सुटलेले होतात?”

तो सरपटत बाहेर आला. “सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, येऊ नका.”

“म्हणालेच असते! का येत होतात?”

“कळलं नाही अजून?”

“मला अंदाज चालत नाहीत. नीट सांगा.”

“आवडता तुम्ही मला,” तो म्हणाला. “त्या दिवशी ओरडलात ना... तेव्हापासून.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याचाही तिला संताप आला. “हे आज मी बोलणार होते! सकाळपासून पाठ करतेय! तेही आधी तूच बोलून मोकळा झालास!”

त्याचे हात तेलानं बरबटले होते. तिनं ते तसेच धरले आणि राग उतरेपर्यंत सोडले नाहीत. राग उतरायला फार वेळ लागला.