बिनमेंदूची शिंक

आम्ही तिघं मेळघाटाच्या दरीत उतरलो ते एक शिंक टिपायला. माणसाची नव्हे, ज्याला मेंदू नाही, अंगात एक नस नाही, अशा जीवाची!

माझी मामेबहीण प्रणाली अमरावतीला त्याच्यावरच संशोधन करते. गोड्या पाण्यातला स्पंज. दगडाला चिकटलेला, हिरवट, तळहाताएवढा. अंगात गाळ शिरला की तो आधी फुगतो, मग सगळं अंग आवळून गाळ बाहेर टाकतो. हीच त्याची शिंक, आणि ती चांगली अर्धा तास चालते. प्रयोगशाळेत आणलेले तिचे सगळे स्पंज मेले होते. दिवाळीपर्यंत आपल्या नदीतली एक तरी शिंक दाखवा, नाहीतर विषय बदला, असं गाइडनी बजावलं होतं. चार वर्षांची मेहनत वाया जायची वेळ आली, तेव्हा तिला मी आठवलो. चांदूर रेल्वेला माझा बोअरमध्ये कॅमेरा सोडून पाणी पाहायचा धंदा आहे. माझ्या कॅमेऱ्याला डोह म्हणजे जरा रुंद बोअर.

तिसरे जानरावमामा, तिचे वडील. तिवशाला वांगी-कोथिंबीर पिकवतात. पोरीला जंगलात एकटं सोडणार नाही म्हणून आले. निघताना अंगणात मामी शिंकली, तर मामांनी गाडीत ठेवलेला पाय मागे घेतला, ओट्यावर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

“बाबा, शिंकेनं काय होते?” प्रणाली वैतागली.

“तुलेच ठाऊक. तूच त्याच्यात डाक्टर होऊन राहिली.”

दरीत वाट अशी नव्हतीच. बोरीची काटेरी जाळी, पायाखाली सुटे दगड आणि माझ्या खांद्यावर केबलची जड चक्री. अर्ध्या उतारावर कड्याला लोंबलेलं आग्यामोहोळ दिसलं. त्याच्याखालून आम्ही श्वास रोखून सरकू लागलो. मामांचा पाय घसरला. धोंडा गडगडत गेला. अख्खं मोहोळ सळसळलं! आम्ही जागच्या जागी गोठलो. एकही माशी उठली नाही, तेव्हा कुठे पुढचं पाऊल टाकलं.

खाली डोह होता. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. प्रवाहाच्या मधोमध एक खडक होता आणि त्याच्या बुडलेल्या अंगाला तो स्पंज. कॅमेरा बांबूला बांधून तिथे कोणीतरी स्थिर धरायला हवा होता. “पाटाच्या पाण्यात जनम गेला माहा,” म्हणत मामांनी कमरेला दोर बांधला आणि छातीएवढ्या पाण्यातून जाऊन खडकावर बसले. दोराचं दुसरं टोक माझ्याकडे, केबलही माझ्याकडे. प्रणाली स्क्रीनपाशी.

“नस नाई, तं याले समजते कसं?” मी विचारलं.

“दोन नसा जिथं एकमेकीले निरोप देतात ना, त्या जोडाचं बरंचसं सामान याच्यापाशी हाये. फक्त नस नाई.”

“म्हणजे गावात लाइन यायच्या आधीच घरात बटनं बसवली?”

“हाव. नसा बहुतेक मागून आल्या. तोवर हे सामान कोन्या कामाचं होतं, तेच मले पाहाचं हाये.” तिनं स्पंजपर्यंत नळी सोडलेली गाळाची पिचकारी हातात घेतली आणि थबकली. “दादा, हा तं फुगून राहिला.”

“मंग बरंच हाये.”

“मी अजून गाळ सोडलाच नाई.”

स्क्रीनवर स्पंजचं धुराडं, म्हणजे पाणी बाहेर सोडायची नळी, आखडत होतं आणि अंग फुगत होतं. नुसत्या डोळ्यांना पाणी नितळच होतं. पण कॅमेऱ्याच्या उजेडात बारीक कण सरकत होते. बोअरमध्ये असे कण दिसले की वर माती ढासळतेय हे मी ओळखतो. प्रणालीनं मान वर केली. आमच्या डोक्यावर ऊन होतं. चिखलदऱ्याच्या बाजूचं आभाळ मात्र काळंठिक्कर पडलं होतं.

“वर पाऊस झाला. बाबा, बाहेर या.”

“पुरं झालं का शूटिंग?”

“नाई.”

“मंग होऊ दे. चार सालाची मेहनत हाये तुही. मी बांबू हालवत नाई.”

असा अडेलतट्टू माणूस! मी दोर ओढला, तर त्यांनी खडकाला पाय रोवले. स्क्रीनवर स्पंज टम्म फुगला होता. आता आवळणार होता. प्रणालीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा.

“बाबा, शिंक झाली! मागं फिरा!”

मामांनी बांबू सोडला. शिंकेपुढे ते प्रश्न विचारत नाहीत. ते पाण्यात उतरले आणि वरच्या वळणावर घरघर सुरू झाली. पाणी आलं! तांबडं, लाकडं घेऊन. मामांचे पाय सुटले. माझ्या एका हातात दोर, दुसऱ्या हातात केबल, दोन्ही ताणलेले. केबलच्या टोकाला माझी रोजीरोटी होती. मी केबल सोडली. दोन्ही हातांनी दोर ओढला. प्रणालीनं मामांची कॉलर धरली. पाय घासत, गुडघे फोडत आम्ही कपारीवर चढलो आणि खालचा खडक दिसेनासा झाला.

मामा कुडकुडत होते. “झाली का त्याची शिंक?”

“अर्धीच. फुगला, आन् कॅमेरा गेला.”

“मंग मले खोटं सांगतलं तुनं.”

“हाव,” म्हणाली, आणि बापाच्या ओल्या गळ्यात पडून रडली. मलाही भरून आलं. आणि कॅमेरा गेल्याचं दुःख त्यात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

केबल तुटून गेली, पण स्क्रीनच्या पेटीत रेकॉर्डिंग वाचलं होतं. गाइडनी ती अर्धी शिंक पुन्हा पुन्हा पाहिली. विषय बदलायचं नाव काढलं नाही. उरलेली अर्धी आणा, एवढंच म्हणाले.

माघात पाणी निवळलं. साडूचा कॅमेरा मागून आणला आणि आम्ही पुन्हा निघालो. मामीच्या मिरचीच्या फोडणीचा खाट नाकात शिरला आणि मला सणसणीत शिंक आली. मामांनी गाडीतला पाय मागे घेतला आणि चोरट्या नजरेनं लेकीकडे पाहिलं.

ती आधीच ओट्यावर बसली होती.

“काहून उभे राहिले?” म्हणाली. “बसा. पानी प्या, मंग जाऊ.”