पलूसच्या गाडीतला डबा

अकराची तासगावची गाडी आली, पण दादासोचा डबा काही आला नाही. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. सांगलीत खोली घेऊन शिकणारी निम्मी पोरं तेव्हा एस.टी.तून येणाऱ्या डब्यावर जगत. आई फाट्यावर डबा कंडक्टरच्या हाती द्यायची, पोरगं स्टँडवर उतरवून घ्यायचं. दादासो उपाशीपोटी परत निघाला, तोच पलूसच्या गाडीतून कोंडीबा कंडक्टरने हाक मारली.

"आवं कालेजवाले! विनोदिनीबाईंच्या खोलीवर तुमीच ऱ्हाता न्हवं? ह्यो घ्या डबा."

पितळी डब्यावर नाव कोरलेलं होतं. नाथाजी.

आता सांगूनच टाकतो, हा दादासो दिसायला गरीब, पण आतल्या गाठीचा. एम.ए.चं शेवटचं वर्ष, परीक्षा दोन महिन्यांवर आणि गावात खोली मिळेना. विनोदिनीबाईंच्या माडीवरची एकुलती एक खोली वर्गातल्या नाथाजीकडे होती. या पठ्ठ्याने बाईंच्या कानाला लागून सांगितलं, "काकू, नाथाजीला क्षय झालाय. लपवतोय तो." बाईंचे यजमान क्षयानेच गेलेले. त्याच दुपारी नाथाजीची वळकटी अंगणात येऊन पडली. तो पलूसकडच्या आपल्या गावाहून ये-जा करू लागला. साखर कारखान्यांचा हंगाम, गाड्या खच्चून भरलेल्या, फाट्यावर माणूस घ्यायच्याच नाहीत. शेवटी त्याने सायकल काढली आणि तिसऱ्या आठवड्यात उसाच्या ट्रॉलीखाली गेला. दादासोने बाईंना याचा पत्ताही लागू दिला नाही. निर्लज्ज कुठला!

"कुनी दिला ह्यो?" दादासोने डब्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"तुमच्याच वयाचं पोरगं हुतं की. फाट्याला सायकल धरून हुबं. म्हनलं, खोलीवर दोस्त हाय... लय भुकेला आसंल."

"आन् त्वांड? त्वांड बघितलं?"

"टावेल गुंडाळला हुता, गड्या."

गाडी गेली. चारचौघांत अन्न टाकता येईना. नाथाजीची आई दुःखाने भ्रमिष्ट झाली असेल, कुणा भाच्या-पुतण्याकरवी डबा धाडला असेल, अशी मनाची समजूत घालत त्याने डबा खोलीवर आणला.

भर दुपार होती, तरी माडीवर अंधारून आल्यासारखं वाटलं. त्याने झाकण काढलं. भाकरीतून वाफ निघत होती. पलूस तासाभराच्या वाटेवर... इतकी गरम कशी? पण पोटात कावळे ओरडत होते. त्याने एक घास मोडला.

चव चांगली होती. मग घशात काहीतरी खरखरीत अडकलं. उसाच्या पाचटासारखं. ठसका लागला. पाणी प्यायला, थांबेना. तोंडावर धरलेल्या रुमालावर तांबडं उमटलं...

दारात विनोदिनीबाई उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला.

"उचल तुझं अंथरूण. आत्ताच्या आत्ता."

"काकू... नुसता ठसका..."

"माझ्या घरात हे दुखणं पुन्हा नको."

खोली गेली की परीक्षा गेली. दादासो गुडघ्यांवर आला. "काकू, मी खोटं बोललो हुतो! नाथाजीला कायबी झालं न्हवतं. खोलीसाठी बोललो!"

"काय बोलतोस ते तुला तरी कळतंय का? आत्ता तोच तर येऊन सांगून गेला. फाटकाशी सायकल धरून उभा होता बिचारा. म्हणाला, मला कधी काही नव्हतंच; क्षय दादासोला झालाय, लपवतोय तो. माझी खोली मला परत द्या."

"काकू... त्यो मेलाय... म्हैना झाला..."

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" बाई कडाडल्या. "वळकटी घेऊन येतो म्हणालाय."

वळकटी खांद्यावर टाकून दादासो खोकत जिना उतरला. मागोमाग बाई उतरल्या. दोघं अंगणात पोचले आणि वर खोलीची कडी आतून लागली. मग जेवायला बसल्यासारखी भांडी वाजली.

माडीला दुसरा जिना नव्हता.