रिकाम्या कॅमेऱ्याचा फोटो

बसा. लाईट काही तासभर येत नाही. शकु, मेणबत्तीशी खेळू नकोस, विझली तर तूच पहिली किंचाळशील. गोष्ट सांगतो, पण ‘शरदकाका, खरंच?’ असं कुणी मध्ये विचारलं तर मी सरळ उठून झोपायला जाणार. मी दाराच्या बाहेर होतो, तेवढंच मला माहीत.

आपल्या याच चाळीत, इथे घाटकोपरला. चौऱ्याऐंशी साल, फेब्रुवारीची अकरा तारीख, शनिवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती हं, चांगलं चांदणं होतं. रात्री साडेनऊला दशरथ माझ्या दारात आला. “शरद्या, एक जाड घोंगडी दे ना रातच्यापुरती.”

दशरथ शेजारी राहायचा. मस्कतला वेल्डर. सुट्टीवर आलेला. बाकीचे तिकडून टेप आणतात, सेंट आणतात. या पठ्ठ्यानं आणला जुना जपानी कॅमेरा आणि डबाभर ब्लॅक अँड व्हाइट रिळं. तिकडे शुक्रवारी सुट्टी. हा बस पकडून एकटाच भटकायचा. किल्ले, बकऱ्या, होड्या, खजूर विकणारे म्हातारे, दिसेल त्याचे फोटो. रंगीत रीळ घे म्हटलं की म्हणायचा, “रंगात माणूस दिसत नाही रे, शर्ट दिसतो.” आणि इथे आला की गॅलरीच्या टोकाच्या न्हाणीघरात रात्री तांबडा दिवा लावून फोटो धुवायचा. उजेडाची तिरीप आली तरी कागद काळा पडतो. म्हणून दाराला आतून लावायला घोंगडी.

मी माझी दिली. काळी, कोपऱ्यात माझ्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचं ठिगळ. तुमच्या नंदाकाकूनं त्याच दुपारी लावलं होतं, आणि मी त्यावरून तिची भरपूर चेष्टा केली होती.

घोंगडी घेऊन दशरथ जाईना. उंबऱ्यावर बसला. “शरद्या, उद्या माझी वाट लागणार.”

मग त्यानं सांगितलं. तिकडे कॅम्पात एका खोलीत आठ जण. प्रत्येकाला घरी पाठवायला फोटो हवा. रीळ महाग, नाही म्हटलं तर लोक रुसतात. म्हणून यानं युक्ती काढली. कॅमेऱ्यात रीळ घालायचंच नाही. माणूस हसून बसला की खटकन बटण दाबायचं. नंतर सांगायचं, रीळ खराब निघालं रे.

त्यातच गुणाजी होता. कुडाळकडचा. बायको सुगंधा कांजूरमार्गला. ती पोटुशी असताना हा गेला, पोरगा मागाहून झाला. “पोरान बापाक बघूक होयो ना,” म्हणून दशरथच्या मागे लागला. गादीखाली घालून शर्टाला इस्त्री केली. दशरथचंच घड्याळ मागून मनगटावर बांधलं. पत्र्याच्या ट्रंकेवर ताठ बसला आणि विचारतोय, “दशरथा, नीट बसलंय मां?”

दशरथनं बटण दाबलं. रिकामं. रीळ ट्रंकेतच होतं. शुक्रवारच्या किल्ल्यासाठी राखून ठेवलेलं.

तिसऱ्या दिवशी गुणाजी परांचीवरून पडला. जागच्या जागी गेला. तिकडेच अग्नी दिला. पासपोर्ट कंपनीकडे होता, तो गेला तो गेलाच. लग्नात फोटोवाला सांगितला होता, तो आलाच नव्हता. म्हणजे त्या माणसाचा चेहरा जगात कुठेच नाही. आणि या गाढवानं लाजेपोटी सुगंधाला पत्र लिहिलं, ‘गुणाजीचा छान फोटो माझ्याकडे आहे, येताना आणतो.’

“उद्या वर्षश्राद्ध आहे,” दशरथ म्हणाला. “फ्रेम आणून भिंतीला लावलीय तिनं. रिकामी. पोरगा विचारतो, यात कोण बसणार.”

“मग आता काय करणार?”

“सगळी रिळं शोधतो. कुठेतरी कोपऱ्यात उभा असेलच ना तो.”

न्हाणीघराची आतली कडी मोडलेली होती. रात्री कुणीही उठून दार ढकलायचं. म्हणून मला म्हणाला, “बाहेरून कडी घाल आणि दारातच पड. मी तीनदा ठोकलं की उघड. मध्ये काही बोललो तरी उघडू नकोस, कागद जाईल.” कॅमेरा गळ्यात होताच, सवयच त्याची. मागचं झाकण उघडून मला दाखवलं. रिकामा. मी कडी घातली आणि चटई टाकून पडलो.

दीड वाजला असेल. आत दशरथ बोलत होता. हळू. मला वाटलं, स्वतःशीच बडबडतोय.

मग थांबला. आणि दुसराच आवाज आला.

“नीट बसलंय मां?”

मी उठून बसलो. न्हाणीघर केवढं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही. खिडकी नाही. कडी मी घातलेली.

“शरद्या... उघड.”

मी कडीवर हात ठेवला. पण तीनदा ठोकलं नव्हतं. कागद जाईल, फोटो जाईल, सकाळी त्या बाईला काय देणार... मी थांबलो. त्याचं अजून वाईट वाटतं मला. तेव्हाच उघडायला हवं होतं.

“शरद्या... अरे उघड ना...” रडत होता तो.

मी कडी काढली. दार ढकललं. हलेना. खांदा लावला. हलेना. अडकलं नव्हतं ते. आतून कुणीतरी दाराला पाठ लावून बसलं होतं. मी ढकललं की ते जरा दबायचं... आणि परत मागे रेटायचं.

“दशरथ, तू दारात बसलायस का रे?”

“नाही.” आवाज पार समोरच्या भिंतीकडून आला. नळाखालून.

मी परत खांदा लावला.

आणि आत... खटक.

दार सैल झालं. मी धाडकन आत पडलो.

दशरथ नळाखाली मुटकुळं करून बसला होता. डोळे मिटलेले. कॅमेरा छातीशी. दुसरं कुणी नव्हतं.

पहाटे चहा पाजला तेव्हा बोलला. एकदाच. म्हणे, होड्यांचा फोटो धुवायला औषधाच्या थाळीत टाकला, तर होड्या येईनात. शर्ट आला. मग घड्याळ. मानेच्या वर मात्र कोरा कागद. मागून आवाज आला, वळून बघितलं... “बाहेर पडायची वाट त्याच्यातूनच होती रे. फोटोच मागत होता तो. मग मी कॅमेरा उचलला. रीळ नव्हतं, माहीत होतं मला. तरी दाबलं.”

शेवटच्या थाळीत फोटो होता. पुरा. दशरथनं हात लावला नाही. मीच सुकवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कांजूरमार्गला घेऊन गेलो. खरं सांगतो, नीट बघायची माझी छाती झाली नाही.

सुगंधानं फ्रेममध्ये घातला. हार घातला. पोराला कडेवर घेऊन म्हणाली, “हे बघ तुझे बाबा.” आणि अशी रडली, की मलाही आवरेना. मग डोळे पुसून मला विचारते, “दशरथभावजींनी मागे पडदा पण लावला होता का हो? तिकडे मिळतात सगळ्या वस्तू.”

तेव्हा मी बघितलं. गुणाजी छान बसला होता. ताठ, इस्त्रीचा शर्ट, मनगट पुढे. त्याच्या पाठीमागे काळं काहीतरी होतं, त्याला टेकूनच बसला होता तो.

आणि खांद्याच्या वर, कोपऱ्यात, माझ्या लेंग्याचं ठिगळ.