नवव्या ओढीला

लंबू आणि त्याचा साडू एकतीस वर्षं एकाच करवतीची दोन टोकं धरून उभे होते. करवत पुरुषभर लांब, दोन्हीकडे उभ्या मुठी. तिचा कायदा साधा. आपल्याकडे ओढायचं, पलीकडे ढकलायचं नाही. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा आणि पलीकडचा ओढून घेईल यावर विश्वास ठेवायचा. झाड कडकडलं की दोघांनी करवत सोडून चार पावलं मागे सरायचं.

साडूला निलगिरीचा वास सोसत नसे. आठ ओढी झाल्या की नवव्याला तो थांबे, बाहीला नाक पुसे, मग पुन्हा सुरू. लंबूला या थांब्याची इतकी सवय झाली होती की जेवतानाही तो आठ घासांनंतर जरा दम खाई. बायको होती तोवर ती यावरून त्याची टर उडवायची. ‘माझ्या बहिणीच्या नवऱ्याशीच लावायचं होतंत ना लग्न,’ म्हणायची.

तर हा साडू एका सकाळी आलाच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारी लाकडाची कापगिरणी निघाली होती, तिथं तो कामाला लागला होता. लंबूला हे न्हाव्याकडून कळलं, तेही गळ्यावर वस्तरा असताना. मान वळवायचीही सोय नव्हती.

“तुला ठाऊक नव्हतं?” न्हाव्यानं विचारलं.

“होतं की,” लंबू म्हणाला. साडू गेला त्यापेक्षा हे खोटं बोलावं लागलं, ते त्याला जास्त झोंबलं.

घरासमोरची थोराड निलगिरी दोघांनी मिळून पाडायचं ठरलं होतं. तीन मजली उंच, अंगावरून सालीच्या पट्ट्या लोंबताहेत, खालचं खोड भाजल्यासारखं तांबूस. त्या आठवड्यात, पान हलत नव्हतं अशा दुपारी, तिनं कमरेएवढी जाड फांदी अंगणातल्या खाटेवर टाकली. लंबू पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला. निलगिरी अशीच फांदी टाकते, आधी काही कळू न देता. साडूच्याच वळणाची, असं म्हणून त्यानं कुऱ्हाड काढली.

झाड खाचेच्या बाजूला पडतं. म्हणून त्यानं रस्त्याच्या बाजूला खाच पाडली, घराच्या बाजूनं करवत लावली आणि एकट्यानं एक ओढ घेतली. आता ढकलायला हवं होतं. पण सवयीनं त्याचा हात सैल पडला.

करवत पलीकडे गेली.

पात्याचा ताण असेल, असं समजून लंबू खोडाला वळसा घालून पाहून आला. पलीकडची मूठ रिकामी होती. त्यानं पुन्हा ओढली, ती पुन्हा गेली. पाच. सहा. आठव्या ओढीनंतर पातं थांबलं. नाक पुसायला लागतो तेवढा वेळ. मग निघालं.

दुसरा कुणी असता तर पायात वहाण न घालता पळाला असता. लंबूच्या पोटात मात्र राग इतका होता की भीतीला जागा उरली नव्हती. दात-ओठ खाऊन तो ओढत राहिला. हिसके देऊन, मुद्दाम, तीन दिवस. ओलं असूनही लाकूड चिवट. तिसऱ्या दिवशी चीर जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचली.

त्या संध्याकाळी साडू आला. उजवा हात झोळीत, तळव्याला फोड. कपड्यांना गिरणीतल्या तेलाचा वास, पण तळव्याला निलगिरीचा.

“पुरे कर ना रे,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं : यंत्रापाशी उभा असला की हात आपोआप पुढेमागे व्हायला लागतो. पाय जमिनीला खिळल्यासारखे, लंबू थांबेपर्यंत उचलत नाहीत. गिरणीवाल्याला वाटलं, हा नाचतोय. लंबूला हसू आलं, आणि ते त्यानं दाबलंही नाही. पण विचारायचं होतं ते त्यानं विचारलंच.

“मला सांगितलं का नाहीस?”

साडूनं खाली पाहिलं. “तू नको म्हणाला असतास, तर माझं जाणं झालं नसतं.”

एवढ्यानं लंबू विरघळला. ठरलं असं, की सोमवारी साडू गिरणी सोडून येईल, झाड दोघं मिळून पाडतील. तोवर करवत साडूकडे. दातांना धार लावायचं काम पहिल्यापासून त्याचंच. लंबूनं ती स्वतःच्या हातानं पोत्यात गुंडाळून दिली. जाताना साडू झाडापाशी थांबला. शेंड्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, मग पुन्हा शेंड्याकडे. झाड कुठं पडेल ते जोखायची जुनी खोड. लंबूला बरं वाटलं.

सोमवारी त्यानं दोन कप चहा ओतला. दहा वाजले तरी साडू नाही. दुसऱ्या कपावर साय धरली.

आपला कप उचलायला त्यानं हात पुढे केला, तो पुढेच गेला. कोपर ताठ होईपर्यंत. मग मागे आला. कप लवंडला. लंबूनं पाय उचलून पाहिले. फरशीनं ते धरून ठेवले होते.

खिडकीतून निलगिरी दिसत होती. जवळ कुणी नव्हतं. करवतही नव्हती. वारा नसताना शेंडा थरथरत होता.

खिडकीसमोरची त्याची चीर आता चीर राहिली नव्हती. कुऱ्हाडीनं रुंद केलेली, ओली, ताजी खाच होती. काल संध्याकाळी ती नव्हती. भुसा पलीकडून, रस्त्याच्या बाजूनं गळत होता.

ओढायचं नाही, असं त्यानं ठरवलं. हात ओढत राहिला. आणि प्रत्येक ओढ संपली की सवयीनं सैल पडत राहिला.

सहा. सात. आठ.

नवव्या ओढीला पलीकडचा थांबला. या खेपेला नाक पुसण्याइतकाच नव्हे. चार पावलं मागे सरायला लागतात, तेवढा.