दारातला दहावा दगड

भर दुपारी चैतू घण आणि लोखंडी सब्बल घेऊन सायबाच्या फार्महाऊसवर पोचला. गावाने बजावलं होतं, आधी नेलेले नऊ दगड परत आण, मगच बिरजूचा दगड उभा करू. तोवर बिरजू, चैतूचा थोरला भाऊ, मेल्यावरही बेवारस.

जपान फिरून आलेल्या सायबाने तीन वर्षांपूर्वी जंगलाकडचे बांबू तोडून तिथे जपानी चहाघराची बाग केली. तळं, दगडी दिवा, चहा प्यायची एक लाकडी खोली. खोलीकडच्या वाटेला शेवाळलेले जुने दगड पाहिजे होते. गावाबाहेर माडिया आदिवासींनी आपल्या मेलेल्यांसाठी उभे केलेले दगड बिरजूने ट्रॅक्टरने ओढून आणले आणि तिथे आडवे पुरले. गेल्या महिन्यात खोलीच्या बुटक्या दारात तो सापडला. डोकं चेचलेलं. पोलिसांनी अस्वल लिहिलं.

"सायेब म्हणे, जपानात राजाले बी अशा दारातून वाकूनच जा लागते," चौकीदार पोचू म्हणाला. "बिरजू वाकला... मंग उठलाच नाई."

"अस्वल पाह्यलं तुमी, पोचूभाऊ?"

"आवाज आयकला. अस्वलाचा नोहता."

नऊ दगड किडक्या दातांसारखे निघाले. दारातला दहावा मात्र हलेना. याच दगडापाशी भावाचा जीव गेला, या विचाराने चैतूचं डोकं फिरलं. त्याने घण उचलला.

"थांब पोरा, तो दगड..."

चैतूने म्हाताऱ्याला ढकललं. पोचू तळ्याच्या काठावर आपटला. पहिला घाव बसला आणि खोलीत कोणीतरी कण्हलं. ताज्या रक्ताचा वास सुटला.

"चैतू... मी आहो..."

बिरजूचाच आवाज. दगडाने भावाला आत धरून ठेवलंय, असं वाटून चैतू आणखी चवताळला. घावामागून घाव. दर घावाला किंकाळी. शेवटी दगड फुटला, चेहऱ्यावर ऊन ऊन काही उडालं, आणि सगळं गप्प झालं.

पोचू फुटलेलं कपाळ धरून उठला.

"बिरजूनं नऊच आनले होते रे. हा दहावा तो मेल्यावर आपोआप वर आला. रोज वाढत होता."

चैतूच्या हातून घण गळाला. मेलेल्याला जागा मिळाली, तो निवांत झाला, की त्याचा दगड वाढतो. हे माडियांच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही.

तो रडत रडत तुकडे शर्टात गोळा करू लागला. शेवटचा तुकडा उचलला, तर खाली ओल्या मातीत अंगठ्याएवढं दगडाचं टोक.

"हा... कोनाचा?" पोचू चैतूकडे पाहत मागे सरकला.

चैतूने त्यावर माती लोटली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. तळव्याखाली ते टोक हळूहळू वर येत होतं.